मदत हवी आहे: जार पडायच्या आधी रेडकाला चीक पाजावा का?

प्रश्न (जांबोटी भाग, ता. खानापूर)
म्हैस आठवड्याभरात व्यायची आहे. घरातली वडीलधारी सांगतात, जार (व्याल्यावर पडणारी वार) पडल्याशिवाय रेडकाच्या तोंडाला चीक लावू नको, हगवण लागते. शिवाय पहिल्या धारेची खरवस करून गल्लीत वाटायची रीत. गेल्या वेताचं रेडकू आठव्या दिवशी हगवणीनंच गेलं. चीक किती आणि कधी पाजायचा? जन्मल्या जन्मल्या लस टोचली तर चिकाशिवाय भागेल का?

उत्तर १
अण्णा, जारीची वाट अजिबात बघू नका. माणसाच्या बाळाला आईच्या अँटिबॉडी (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) पोटात असतानाच नाळेतून मिळतात. गाई-म्हशींच्या जारेतून त्या पलीकडं जातच नाहीत. म्हणून रेडकू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात अँटिबॉडी जवळजवळ नसतात. म्हैस शेवटच्या तीन-चार आठवड्यांत आपल्या रक्तातल्या अँटिबॉडी कासेत उतरवते. बोटाला चिकटणारा तो पिवळा दाट चीक म्हणजे हाच साठा.

आता वेळेचं. अँटिबॉडीचा रेणू फार मोठा असतो. जन्मल्यावर काही तास रेडकाचं आतडं तो आख्खाच रक्तात जाऊ देतं. सहा तासांनंतर हे दार झपाट्यानं मिटत जातं आणि 24 तासांत बंद होतं. जार पडायला 8 ते 12 तास सहज लागतात, म्हणजे तोवर निम्म्याहून जास्त संधी गेलेली असते. उलट रेडकू सडाला लागलं की म्हशीचं गर्भाशय आकसतं आणि जार सुटायला मदतच होते.

मोजमाप: वजनाच्या दहावा हिस्सा. 30 किलोच्या रेडकाला 3 लिटर. त्यातला दीड लिटर पहिल्या दोन तासांत, बाकीचा 12 तासांच्या आत. नुसतं सडाला लावून सोडलं तर किती प्यालं ते कळत नाही. बाटलीनं मोजून पाजा. कास आणि सड आधी कोमट पाण्यानं धुवा, नाहीतर चिकाच्या आधी शेणातले जंतू पोटात जातात.

खरवस थापली जाते ती बऱ्याच अंशी याच अँटिबॉडींच्या प्रथिनांमुळं. उष्णतेनं ती गोठली की खायला उत्तम, रेडकाला मात्र निरुपयोगी. पहिली धार रेडकाची. त्याचं पोट भरल्यावर उरेल त्याची खरवस करा. दुसऱ्या धारेची पण थापते.

प्रश्नकर्ता
आणि लसीचं?

उत्तर २ (निपाणी)
दादा, लस टोचल्यावर शरीराला स्वतःच्या अँटिबॉडी तयार करायला आठवडे लागतात, आणि हगवण तर पहिल्याच आठवड्यात गाठते. चीक म्हणजे तयार माल. तो आतड्यात जंतूंना चिकटतो, जंतू आतड्याच्या भिंतीला धरू शकत नाहीत. म्हणून दार मिटल्यावरही तीन-चार दिवस चीक चालूच ठेवा. रक्तात गेला नाही तरी आतड्यात राखण करतो.

चिकातून आलेल्या अँटिबॉडी लसीलाही निकामी करतात. म्हणून लाळ्या-खुरकूतची पहिली लस चार महिन्यांच्या सुमाराला देतात, लवकर टोचून उपयोग नसतो. गाभण म्हशीच्या लसीकरणाचं डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण तिच्या रक्तात असेल तेच चिकात येतं. याच कारणानं बाजारातून आणलेली म्हैस आठ दिवसांत व्याली तर तिच्या चिकात तुमच्या गोठ्यातल्या जंतूंविरुद्धची ताकद कमी असते.

जास्तीचा चीक एकेक लिटरच्या बाटल्यांत फ्रीजरला ठेवा. म्हैस मेली किंवा कास सुजली तर तो कामाला येतो. बाटली 50 अंशांच्या आतल्या पाण्यात बुडवून वितळवा, गॅसवर नको. रेडकाच्या बेंबीला जन्मताच टिंक्चर आयोडीन लावा.

आणि 12 तासांनंतरही जार लोंबत असेल तर ती ओढू नका, डॉक्टरांना बोलवा. रेडकाचं पाजणं त्यासाठी थांबवायचं नाही.