मदत हवी आहे: बाळ सांभाळणाऱ्या मावशींची आजारपणाची रजा

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात, कोथरूडला. दोघंही नोकरीवाले, लेक 14 महिन्यांची. तिला सांभाळायला मावशी येतात, सकाळी 9 ते संध्याकाळी 6. महिन्याला दोन सुट्ट्या ठरल्या होत्या, आजारपणाचं बोलणंच झालं नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्यांना डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी ताप उतरला तशा दारात हजर! ओठ सुकलेले, जिना चढून धाप लागलेली. "खाडे कापाल ना ताई, म्हणून आले." चहा पाजून रिक्षाने परत पाठवलं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं.

पगार कापायचा नाही हे नक्की. (सासूबाईंना पटलेलं नाही, असो.) प्रश्न पुढचा आहे. तुम्ही वर्षाला किती दिवस आजारपणाची पगारी रजा देता? 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा नोंदणी आणि मदतीच्या योजनांचा, रजेसाठी त्याचा उपयोग नाही. बाळाला लागण नको म्हणून सर्दीत आपणच "येऊ नका" म्हटलं, तर तो दिवस रजेत धरता का? आणि ऐनवेळी बदली बाई कुठून आणता? लेक परक्या माणसाकडे जातच नाही. सध्या मी आणि नवरा आलटूनपालटून रजा टाकतोय.