अनुभव धागा : फ्रान्सच्या द्राक्षबागांतून सायकलने

चाकोरीबाहेर

युरोप ट्रिपच्या धाग्यावर बरगंडीत सायकल चालवायचा विषय निघाला होता, चार-पाच जणांनी "आम्ही पण केलंय" म्हणून हात वर केले आणि मग तो धागा व्हिसा आणि इन्शुरन्सकडे वाहवत गेला, म्हणून हा वेगळा काढतेय. बरगंडी, बोर्दो, अल्सास, ल्वार, कुठलंही चालेल. कुठली वाईन कशी लागली ते थोडक्यात लिहा, रस्ता कसा होता, काय दिसलं, काय खाल्लं ते जास्त लिहा.

सुरुवात माझ्यापासून. बरगंडीतल्या बोन ते सांतने गावांमधला हा 'व्वा दे विन्य' म्हणजे द्राक्षबागांतला सायकलमार्ग, वीस-बावीस किमी. हा काही सायकलवाल्यांसाठी मुद्दाम बांधलेला गुळगुळीत ट्रॅक नाही, बागांमधले शेतरस्तेच आहेत, त्यांनाच पाट्या लावून जोडलंय. त्यामुळे समोरून ट्रॅक्टर आला की आपण बाजूला व्हायचं. तिथले ट्रॅक्टर पण बघण्यासारखे, उंच पायांचे, वेलींची ओळ पोटाखालून जाऊ देणारे. पोमार, वोलने, मर्सो, प्युलिन्यी अशी गावं दोन-चार किमीवर येत राहतात. पोमार, वोलनेत रेड, मर्सोपासून बहुतेक व्हाईट, आणि बदललेलं काय तर पायाखालची माती आणि डोंगराचा उतार. सायकलवर हे मांड्यांना कळतं. उताराच्या मधल्या पट्ट्यात सगळ्यात महाग बागा, खाली हायवेच्या पलीकडे सपाटीवर साधी वाईन. मध्ये अंतर किती, तर सायकलने पाच मिनिटं. या एकेका तुकड्याला तिथे 'क्लिमा' म्हणतात आणि २०१५ मध्ये युनेस्कोने ते सगळेच्या सगळे यादीत घेतलेत.

बोनमधलं ते रंगीत कौलांचं जुनं हॉस्पिटल चुकवू नका. १४४३ मध्ये निकोला रोलां नावाच्या चॅन्सेलरने गरिबांसाठी काढलं, लोक त्याला बागा दान देत गेले आणि त्या बागांच्या वाईनचा लिलाव १८५९ पासून दर नोव्हेंबरात होतो. पेशंटचे बेड असलेला मोठा हॉल अजून तसाच ठेवलाय. सायकल बाहेर लावायला जागा भरपूर.

गुंठेवारी

क्लो द वूजोचं नाव नाही घेतलंत? बोनच्या उत्तरेला, दिजोंच्या वाटेवर. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी लावलेली बाग, भोवती दगडी भिंत, आत साधारण पन्नास हेक्टर. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची जमीन जप्त झाली, विकली गेली, पुढे विक्री आणि वारसाहक्काने वाटण्या होत होत आज त्या एका भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत! भिंतीला लागून सायकल चालवताना दर थोड्या अंतरावर वेगळ्या नावाची कमान दिसते. आमच्या गावाकडच्या सातबाऱ्याची फार आठवण आली हो, फरक एवढाच की तिथे दोन ओळींचा मालकसुद्धा सुखात असतो.

पुढे व्होन-रोमानेत ती रोमाने-कोंती नावाची जगप्रसिद्ध बाग, १.८ हेक्टर. एक साधा दगडी क्रॉस, बुटकी भिंत आणि 'आत पाय ठेवू नका' अशी पाटी. लोक येतात, भिंतीपाशी फोटो काढतात, जातात. आम्हीही तेच केलं.

पलूसचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. मी सायकलवाला नव्हं, द्राक्षवाला. लेक बोर्दोत शिकायला होती, तिच्याकडं गेलो तर म्हणाली पप्पा बागा बघायच्या तर सायकलनंच, गाडीतून नुसती पानं दिसतात. शाळेनंतर सायकल हातात घेतली नव्हती, पण तिथं बोर्दोजवळचा मेदोकचा भाग लई सपाट आहे, नदीकडंनं वारा तेवढा लागतो. नदीवर लामार्क ते ब्लाय फेरी आहे, सायकली चढवून घेतात, पलीकडं वोबां नावाच्या लष्करी इंजिनिअरनं बांधलेला मोठा किल्ला आहे तो पण बघून आलो.

आता बागेचं सांगतो. आपल्याकडं मांडव नाहीतर वाय (वेल चढवायचा Y आकाराचा सांगाडा), नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आतबाहेर झाडं. तिथं गुडघ्याएवढी वेल आणि हेक्टरी दहा हजारापर्यंत, म्हणजे एकरी चार हजार! आपली एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी, त्यांची एकच, हिवाळ्यात पानं गळाल्यावर. ड्रिप कुठं दिसंना म्हणून लेकीला विचारलं तर म्हणाली फळावर आलेल्या बागंला सहसा पाणी देतच नाहीत, नियम आहेत. आणि माल किती धरायचा त्याला वरनं मर्यादा! आपण टनावर टन काढायच्या मागं, हितं जास्त काढला तर लेबल जातंय. मला पहिल्यांदा हे पटलंच नाही, संध्याकाळपर्यंत थोडं पटलं. बेदाण्याचा दर पडतो तेव्हा सगळ्यात आधी आपलाच जास्तीचा माल आडवा येतो हे आपल्याला काय ठाऊक नाही का.

पण खरी मजा सांगायची राहिली. साँ-ज्युलियां म्हणून गाव आहे तिथं रस्त्याकडंच्या ओळींपाशी लेकीनं सायकल थांबवली. पूर्वी येणारेजाणारे लोक रस्त्याकडचे घड तोडून खायचे, म्हणून शेतकरी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडायचे, दिसायला विषारी दिसावं म्हणून. १८८२ ला मियार्दे नावाचा प्राध्यापक तिथनं चालला होता, त्याला दिसलं की डाऊनीनं (पानांवरचा बुरशीसारखा रोग) सगळी बाग झडलीय आणि रस्त्याकडच्या ओळींची पानं तेवढी हिरवीगार. मग त्यानं प्रयोग केले आणि १८८५ ला जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण! वडील पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिंपात काठीनं ढवळायचे, हात निळे व्हायचे, ते सुरू झालं चोराला भ्या दाखवायला. मी तिथं पाच मिनिटं नुसता उभा. लेक म्हणाली पप्पा फोटो काढू का, म्हटलं काढ, आणि घरी पाठव.

शाटोंच्या, म्हणजे वाईन करणाऱ्या मोठ्या बागांच्या गेटवर प्रतवारी लिहिलेली असते, ती १८५५ ची. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव बघून लावलेली. तेव्हापासून वरचा नंबर मिळाला तो एकाच मोठ्या बागेला, १९७३ ला. दलालांनी लावलेला ग्रेड एवढी वर्षं टिकतो म्हणजे कमाल आहे.

चाकोरीबाहेर

दादा, कसला भारी प्रतिसाद! यासाठीच धागा काढला होता.

लिंबूसरबत

मी वाईन पीत नाही, नवराही नाही, तरी गेलो. "मग तिकडे कशाला?" हे सासर-माहेर दोन्हीकडून ऐकून झालंय 😄

आम्ही जिव्री ते क्लुनी केलं. जुनी रेल्वेलाईन काढून त्यावर १९९७ मध्ये केलेली 'व्वा व्हेर्त' म्हणजे गाड्यांना बंद असलेली सायकलवाट, फ्रान्समधली अगदी सुरुवातीची. रेल्वेचाच रस्ता, त्यामुळे चढ असा नाहीच, गाड्या नाहीत, जुनी स्टेशनं अजून उभी आहेत. माझ्यासारख्या ज्यांना गाड्यांच्या रस्त्यावर भीती वाटते त्यांनी डोळे झाकून हाच घ्यावा. क्लुनीत ९१० साली स्थापन झालेला मठ. रोमचं आत्ताचं सेंट पीटर्स होईपर्यंत जगातलं सगळ्यात मोठं चर्च इथे होतं, क्रांतीनंतर लोकांनी दगडासाठी ते फोडून विकलं, आता एक बाजू आणि एक मनोरा शिल्लक. बाकी रिकाम्या जागेत उभं राहून अंदाज करायचा. वाटेत तेझे हे ख्रिस्ती मठाचं गाव आहे, तिथे जगभरातली तरुण मुलं तंबू टाकून राहिलेली असतात.

क्लुनीच्या पुढे माकोंकडे जाताना डोंगरातला दीडेक किमीचा बोगदा लागतो, आत दिवे आहेत पण उन्हाळ्यातही कुडकुडायला होतं, जॅकेट वर ठेवा. थंडीत तो वटवाघळांसाठी बंद असतो आणि घाट चढून जावं लागतं.

नियमावर_बोट

एक रुक्ष प्रतिसाद. फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, सापडलात तर १३५ युरो. वाईन टेस्टिंगच्या ठिकाणी बादली किंवा उभं भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकायचं. आपल्याला ते पीकदाणीसारखं वाटतं आणि लाज वाटते, पण तिथे थुंकणारा माणूसच जाणकार समजतात. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं. आणि बाटल्या विकत घेताना लक्षात ठेवा, भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या वर जाते, सहाच्या खोक्याने मागचं चाक बसतं. शिप करायला सांगा किंवा शेवटच्या दिवशी घ्या.

ऱ्हाइनकाठ

आम्ही स्वित्झर्लंडमध्ये बाझलला राहतो त्यामुळे अल्सास शनिवार-रविवारचं. इथल्या वाईन रूटचं १९५३ मध्ये उद्घाटन झालं, मार्लेनहाइम ते तान १७० किमी. गाड्यांचा रस्ता वेगळा आणि सायकलचा वेगळा, सायकलचा बागांमधून जातो, छोटे छोटे चढ पण सारखे येतात त्यामुळे पाहुण्यांना मी सरळ इ-बाईक घ्यायला लावते. आई-बाबांना त्यावरच फिरवलं, बाबा पुढे पळत होते आणि आईच ओरडत होती हळू हळू म्हणून.

रिकविर, एगिसहाइम सगळ्यांना माहीत असतात, लाकडी चौकटींची रंगीत घरं, करकोचे, फोटोवाले. पण माझं म्हणणं रिकविरच्या खालच्या बेनविरला सायकल थांबवा. रिकविर सोळाव्या शतकातलं जसंच्या तसं आणि दोन-तीन किमीवर बेनविर अख्खं नवं, असं का म्हणून विचारलं तर डिसेंबर १९४४ ते फेब्रुवारी १९४५ कोलमारच्या लढाईत हे गाव उद्ध्वस्त झालं, शेजारचं सिगोलसहाइमही. मग नवं चर्च बांधलं त्याची एक अख्खी बाजू रंगीत काचेची. सिगोलसहाइमच्या वर टेकडीवर बागांच्या मधोमध लष्करी दफनभूमी आहे, फ्रेंच सैन्यातून लढलेल्या उत्तर आफ्रिकेतल्या सैनिकांच्या कबरींची तोंडं मक्केकडे केलेली. चढ चांगलाच दम काढतो. वरून खाली सगळ्या बागा दिसतात आणि आपण रिझलिंग (इथली व्हाईट वाईन) प्यायला आलो होतो हे जरा विसरायला होतं.

गुंठेवारी

हे माहीतच नव्हतं. रिकविरला जाऊन आलोय, बेनविर नुसतं क्रॉस केलं होतं.

कॅनॉल_बाजू

दक्षिणेकडचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुलूझपासून सेतपर्यंत कनाल द्यु मिदी, २४० किमी, पियेर-पोल रिकेने खोदवला, १६८१ मध्ये उघडला, १९९६ पासून युनेस्कोत. तुलूझच्या बाजूला डांबरी मार्ग झकास आहे, पुढे कच्ची पायवाट, मुळं वर आलेली, पातळ टायर असतील तर रडाल. आणि सावलीच्या भरवशावर जाऊ नका. कॅनॉलवरच्या चिनारासारख्या प्लॅटन झाडांना बुरशीचा रोग लागलाय, २००६ पासून हजारोंनी तोडली, नवी लावलीयत ती अजून पोरसवदा, त्यामुळे मोठमोठे पट्टे उघडे आणि जुलैत ऊन आपल्या मराठवाड्याइतकं. पाणी कुठे भरायचं तर दफनभूमीत. खरंच. प्रत्येक गावाबाहेर दफनभूमी असते आणि फुलांना पाणी घालायला नळ असतो, पिण्याचं नसेल तर पाटी लिहिलेली असते. हे मला एका म्हाताऱ्या फ्रेंच सायकलवाल्याने सांगितलं.

इथली वाईन म्हणजे मिनेर्व्हा, कोर्बिएर, श्रीमंती थाट नाही, गावाची सोसायटी असते तिथे जाऊन घ्यायची. पण सांगायचं होतं ते आर्जेलिए गावाबद्दल, कॅनॉलपासून अगदी जवळ. १९०७ मध्ये वाईनचे भाव पार कोसळले होते, एकीकडे जास्तीचं पीक, दुसरीकडे साखर-पाणी मिसळून केलेली खोटी वाईन. मार्सेलां आल्बेर नावाचा इथला छोटा बागायतदार, गावात कॅफेही चालवायचा, तो ८७ जणांना घेऊन मार्चमध्ये नार्बोनला गेला आणि जूनपर्यंत मोंपेलिएच्या सभेला लाखोंनी लोक जमले. क्लेमांसो पंतप्रधान, त्यांनी फौज पाठवली, नार्बोनमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. मग १७ व्या पायदळाच्या रेजिमेंटने बंड केलं कारण त्यातले बरेचसे याच गावांतले पोरगे. शेवटी भेसळीविरुद्ध कायदा झाला. त्या सोसायट्यांच्या जुन्या इमारती वाटेत ठिकठिकाणी दिसतात, कोणाकोणावर अजून जुनी अक्षरं आहेत.

पलूसचा_बागायतदार

८७ जणांची गोष्ट लेकीला पाठवली. आमच्याकडं पण असं कॅफेवाला कुणी भेटला पाहिजे.

दही_भात_प्रेमी

शाकाहारींचं काय?? कोणीतरी लिहा की.

लिंबूसरबत

बरगंडीत गुझेर म्हणून चीजचे पोकळ गोळे मिळतात बेकरीत, गरम असतील तर दोन-दोन घ्या (त्यात अंडं असतं हं). बाकी ऑम्लेट, बकरीच्या चीजचं सॅलड, बगेत. दुपारी दोननंतर किचन बंद ते संध्याकाळी सातपर्यंत काहीच नाही, आणि सोमवारी छोट्या गावात बेकरीही बंद असू शकते, म्हणून सकाळीच बॅगेत ब्रेड, चीज, टोमॅटो टाकून निघायचं. आम्ही थेपले नेले होते अर्थात. ल्वारला गेलात तर सोमुरच्या बाजूला चुनखडीच्या खाणींमध्ये मशरूम पिकवतात, ते भरून भाजलेले मिळतात. ज्या खाणींतून दगड काढून ल्वारचे शाटो बांधले त्याच खाणीत आता मशरूम आणि वाईनच्या बाटल्या.

ऱ्हाइनकाठ

ल्वारला वारा बहुतेक समुद्राकडून येतो, त्यामुळे नांतहून आतल्या बाजूला गेलात तर पाठीवर मिळतो. बरेचसे गाईड उलट दिशेने लिहिलेले असतात.

दही_भात_प्रेमी

धन्यवाद दोघींना. सायकल ट्रेनमध्ये नेता येते का तेवढं सांगा, सप्टेंबरचं बघतोय.

चाकोरीबाहेर

टेएर म्हणजे लोकल गाड्यांत चालते, जागा मोजक्या असतात, गर्दीची वेळ आणि वीकेंड टाळा, काही भागांत सीझनला सायकलचं रिझर्व्हेशन लागतं ते आधी बघून घ्या. टीजीव्हीत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत अख्खी सायकल न्यायची तर तिकिटाबरोबरच सायकलची जागा बुक करावी लागते आणि ती सगळ्या गाड्यांना नसते, नाहीतर सुटी करून बॅगेत. सप्टेंबर म्हणजे तोडणी चालू असेल, गरम वर्षी ऑगस्टअखेरीसच सुरू होते. राहायच्या जागा मजुरांनी भरलेल्या असतात आणि रस्त्यावर ट्रेलर, तेव्हा खोल्या आत्ताच बघ.