टमी टकनंतर (पोटाची सैल कातडी काढायचं ऑपरेशन) घरी किती दिवस मदत लागते? अनुभव हवे आहेत

मी ३९ वर्षांची, नाशिकला राहते. दोन सिझेरियन, दुसऱ्या वेळी जुळी. ती आता पाच वर्षांची आहेत. माझं वजन दोन वर्षं स्थिर आहे, पण बेंबीखालची कातडी टाक्यांवर घडी पडून लोंबते आणि पावसाळ्यात तिथे सोलवटते. पोटाच्या स्नायूंमधली फट चार बोटांची होती. आठ महिने फिजिओथेरपी केली, तीन बोटांवर येऊन अडकली.

सर्जननी ऑपरेशन नीट समजावलं. पूर्ण भूल, तीनेक तास, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत छेद, स्नायू जवळ आणून शिवायचे, बेंबी नव्याने बसवायची. मला घोर आहे तो घरी आल्यानंतरचा. नवऱ्याला आठच दिवस रजा मिळेल, सासूबाई सत्तरीच्या. धाकटी अजून कडेवर घे म्हणते. घरात कमोड नाही. झेपेल का?

प्रतिसाद १
ताई, माझं होऊन दोन वर्षं झाली. आठ दिवस पुरणार नाहीत, तीन आठवडे कुणीतरी हवंच. पहिला आठवडा वाकूनच चालायचं, ताठ व्हायला जाऊ नका, टाक्यांवर ताण येतो. झोपताना पाठीमागे आणि गुडघ्यांखाली उशा. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची. जखमेतलं पाणी बाहेर काढायला ड्रेनच्या नळ्या लावतात, त्यांतलं पाणी रोज मोजून वहीत लिहावं लागतं, माझ्या सहाव्या दिवशी काढल्या. पोटाला पट्टा सहा आठवडे. तेवढे दिवस लेकीला उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही. तिला आत्तापासून शेजारी बसून कुशीत यायची सवय लावा. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, आधीच आणून ठेवा. बेंबीखाली मला अजून थोडं बधिर लागतं.

प्रतिसाद २
दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. एकच पोटरी सुजली, दुखली किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा. आणि तंबाखू, मिश्री काही असेल तर किमान चार आठवडे आधी बंद. त्याने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सिगारेटचं विचारलं होतं, मी नाही म्हटलं. मिश्री मी रोज सकाळी लावते, ती सांगायची असते हे डोक्यातच आलं नाही. उद्याच फोन करून सांगते, तारीख पुढे गेली तरी चालेल.