‘बघू’ म्हणजे नक्की काय? आपापले अनुभव टाका

घोरपडे_आळी: काल लेकीने विचारलं, "बाबा, शनिवारी सिंहगडावर जायचं?" मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालो, "बघू." ती आत जाऊन आईला म्हणाली, "नाही म्हणाला." एकदम आमचे अण्णा आठवले. ते 'नाही' कधी म्हणायचेच नाहीत. पेपर तोंडासमोर धरूनच "बघू" आलं की विषय संपला. पेपर मांडीवर ठेवून, चष्मा काढून आलं तर पगार झाल्यावर पुन्हा विचारायचं. चौथीच्या सहलीला पेपर काही खाली आला नाही. सकाळी कंपासपेटी उघडली तर दहाच्या तीन नोटा आणि पाचची एक. नोटांना हळदीचा वास. कोणी ठेवल्या, दोघांपैकी कोणीच कबूल केलं नाही.

चिंगी७९: हळदीचा वास म्हणजे आई! यात कसलं गूढ?

कात्री_कुठाय: टेलरचं "फक्त हुकं लावायची राहिलीत ताई" म्हणजे कापडाला कात्रीही लागलेली नाही. गौरींच्या आदल्या दिवशी चौथ्यांदा गेले. पिशवीला मी मारलेली गाठ तशीच! सासूबाईंचा ब्लाउज दोन्ही बाजूंनी पिना लावून घातला, हळदीकुंकू देताना हात वर करायची सोय नाही.

मावळा_म्युनिक: 😂😂 पिना

पोहे_गार: "कळवतो." ३६ पैकी २८ गुण जुळले होते, १८ जुळले तरी चालतं म्हणतात. त्यांनी पोहे दोनदा मागून घेतले. नंतर मध्यस्थाकडून निरोप, "पत्रिका जुळत नाही." माझा धाकटा यंदा दहावीला आहे, ते अजून कळवतायत.

चिंगी७९: पोहे दोनदा घेऊन नकार? पोह्यांचे पैसे घ्यायचे होते

दुभाष्या: पुण्यात जपानी लोकांच्या मीटिंगला दुभाषा असतो. ते म्हणाले "केंतो शिमासु", मी भाषांतर केलं "विचार करतो". आमचे साहेब खूश, पेढे मागवायला निघाले. बाजूला घेऊन सांगितलं, सर, थांबा, हा नकार असायची शक्यता जास्त. आता अण्णांचा पेपर वाचून वाटतंय, असंच समजावायला हवं होतं.

म्हापशेंकार: आमच्या प्लंबरचं "फाल्यां येतां". फाल्यां म्हणजे उद्या. कुठल्या महिन्यातला ते विचारायचं नसतं. बादली अजून नळाखालीच.

थोरली_पाती: थोडं वेगळं. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, "वाढते". जाऊबाई दिल्लीच्या, नव्या नवरी. आत्या म्हणाल्या, "अगो, तुझी बांगडी वाढली." त्या हात पुढे करून मोजायला लागल्या, कितनी बढ़ी?

गडकरी_नाही: सिंहगडाला शनिवारी पहाटेच निघा, नऊनंतर घाटात गाड्या खोळंबतात. मडक्यातलं दही सोडू नका.

पोहे_गार: पिठलं-भाकरी पण!! कुकर झाला, नंतर सविस्तर लिहिते

चिंगी७९: "नंतर लिहिते" पण यादीत घ्या

घोरपडे_आळी: @चिंगी, आईची सकाळची शाळा असायची. साडेसहाला ती घराबाहेर. डब्याची भाजी अण्णाच फोडणीला टाकायचे.

चिंगी७९: अरे देवा. मग आईंना विचारा ना. आहेत ना त्या?

घोरपडे_आळी: आहे. मघाशीच फोन केला. म्हणाली, "आता काय त्याचं. जेवलास का?"