पंचतंत्रातला भित्रा राक्षस लहान मुलांना कसा सांगावा?

वाचनकट्टा: आमच्या वाचनालयात पाच ते सात वर्षांच्या मुलांना पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली राक्षस, घोडेचोर आणि वानर यांची गोष्ट सांगायची आहे. राजकन्या सखीला म्हणते की हा निशाचर मला रोज विकालसमयी छळतो. ते ऐकून राक्षसाचा समज होतो की विकाल नावाचा आणखी कोणी हिच्या मागावर आहे, आणि तो कसा दिसतो हे पाहण्यासाठी तो घोडा होऊन पागेत उभा राहतो. त्याच रात्री आलेला चोर सर्वांत उमदा घोडा म्हणून नेमका त्यालाच निवडतो आणि त्याच्यावर स्वार होतो. हाच विकाल, असे वाटून राक्षस भीतीने उधळतो, आणि हा घोडा नसून राक्षस असावा, अशा शंकेने चोरही घाबरतो. विकाल म्हणजे सायंकाळ, हे मुलांना माहीत नसते आणि समजावत बसले की हसू विरते. शिवाय, शेवटी चोर वानराचे शेपूट चावतो, तो भाग ठेवावा का?

गोष्टीवेल्हाळ: 'विकाल' सोडून सरळ 'तिन्हीसांज' घ्यावे. राजकन्येने म्हणावे, "तिन्हीसांज आली की मला फार भीती वाटते", आणि राक्षसाने मनाशी ठरवावे की ही तीन डोक्यांची कोणी बाई असणार. तिन्हीसांजेला दिवा लावतात हे बहुतेक मुलांनी आजीकडून ऐकलेले असते. त्यामुळे राक्षसाला न कळलेली गोष्ट त्यांना आधीच कळते, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

जुनी पोथी: शेपटाचा प्रसंग मुळीच गाळू नये. चोर वडाची फांदी धरून सुटतो तेव्हा दोघेही जीव वाचला म्हणून खूश असतात. मात्र त्या वडावरचा वानर राक्षसाचा मित्र असतो, आणि "पळतोस काय, हा तर साधा माणूस, तुझे भक्ष्य" असा शहाणपणाचा सल्ला तो वर बसून देतो. चोर रागाने त्याचे लोंबणारे शेपूट चावतो, वानर भीतीने एक अक्षर बोलत नाही, डोळे मिटून वेदना सोसतो, आणि त्याचा चेहरा पाहून राक्षस ओळखतो की यालाही विकालाने धरले. शेपूट काढले तर राक्षसाने दुसऱ्यांदा पळावे कशासाठी? चोराला मात्र शूर दाखवू नये, कारण तोही तेवढाच घाबरलेला आहे.

मुळात ही गोष्ट सुवर्णसिद्धी हा डोक्यावर चाक फिरत असलेल्या आपल्या मित्राला, त्याला तसाच सोडून निघताना ऐकवतो. लहान मुलांपुढे ती चौकट आणू नये, आणि शेवटी तात्पर्यही विचारू नये.

पिंपळपार: तिसऱ्या तंत्रातली ब्राह्मण, चोर आणि ब्रह्मराक्षस यांची गोष्टही जोडीला घ्यावी. चोराला दोन वासरे हवी असतात, तर सत्यवचन नावाच्या ब्रह्मराक्षसाला ब्राह्मणच खायचा असतो. आधी कोणी हात घालायचा यावरून दोघे इतके भांडतात की झोपलेला ब्राह्मण जागा होतो, आणि एकाला मंत्राने, दुसऱ्याला काठीने पळवून लावतो. दोन मोठ्या मुलांना संवाद वाटून दिल्यास ती फार रंगते.

वाचनकट्टा: तिन्हीसांज आणि शेपूट, दोन्ही ठेवते. परंतु तीन डोक्यांच्या बाईऐवजी पाठीवर एकच डोके असलेला पुरुष बसला, हे राक्षसाला कसे कळले नाही, असे एखादे मूल हमखास विचारेल.

गोष्टीवेल्हाळ: पागेत अंधार होता, आणि मागे वळून पाहण्याची त्याची छातीच झाली नाही.