ग्राफानाचे सामायिक डॅशबोर्ड कमांड लाइनवरून सांभाळण्यासाठी काय वापरावे?

रात्रपाळी:
आमच्या गटातील चौघे जण एकाच ग्राफानावर (आकडेवारीचे आलेख दाखवणारे सॉफ्टवेअर) काम करतो. प्रॉमिथियसवर (सर्व्हरची मोजमापे साठवणारे साधन) आधारलेले साठेक डॅशबोर्ड, म्हणजे आलेखांची पाने, आहेत, आणि ज्याला वाटेल तो ब्राउझरमध्ये पॅनेल हलवतो, थ्रेशोल्ड (धोक्याची पातळी) बदलतो आणि सेव्ह करतो. ग्राफाना जुन्या आवृत्त्या स्वतः जपते, परंतु सेटिंग बदलले नसेल तर प्रत्येक डॅशबोर्डच्या वीसच. म्हणून सर्व डॅशबोर्ड जेसन या मजकुराच्या स्वरूपात गिटमध्ये (फाइलींतील प्रत्येक बदल जपणारे साधन) ठेवावेत आणि टर्मिनलवरून ते उतरवता यावेत, त्यांतील फरक पाहता यावा व परत चढवता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. नवा मासिक खर्च शून्य असावा, ग्राफानाची ११ ही आवृत्ती सध्या बदलता येणार नाही, आणि ब्राउझरमधील संपादन बंद करायचे नाही, कारण दोघा सहकाऱ्यांना टर्मिनलचा मनस्वी कंटाळा आहे.

ढगाळ_हवामान:
आम्ही स्वतःचा सर्व्हर सोडून होस्ट केलेली (दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी) सेवा घेतली आणि निवांत झालो. आपण खर्च शून्य म्हणता, पण चौघांच्या पगाराचे तास त्यात धरले आहेत का? आवृत्तीचा प्रश्नही आपोआप सुटेल.

जुना_प्रशासक:
ग्राफानातील प्रोव्हिजनिंग ही सोय वापरावी, वेगळे साधन लागतच नाही. जेसन फाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात, सेटिंगच्या यॅमल फाइलमध्ये त्या फोल्डरचा मार्ग द्यावा, म्हणजे ग्राफाना त्या स्वतःच वाचते. असे डॅशबोर्ड ब्राउझरमधून सेव्ह होत नाहीत, आणि माझ्या मते हाच त्या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे. ब्राउझरमधून सेव्ह करू देण्याचा पर्याय आहे, पण ते बदल डेटाबेसमध्ये जातात, फाइलमध्ये उतरत नाहीत, आणि पुढे कोणी फाइल बदलली की ते पुसले जातात. ज्यांना टर्मिनलचा कंटाळा आहे त्यांनी डॅशबोर्ड फक्त पाहावेत.

टेराफॉर्मनिष्ठ:
आमच्याकडे डॅशबोर्ड, फोल्डर, परवानग्या असे सर्व काही टेराफॉर्ममध्ये (सर्व्हरची मांडणी कोडमध्ये लिहून ठेवण्याचे साधन) आहे, आणि कोणी ब्राउझरमध्ये बोट लावले की ‘प्लॅन’च्या, म्हणजे पूर्वतपासणीच्या, वेळी ते लगेच उघडे पडते. पुढच्या ‘अप्लाय’ला, म्हणजे कोड लागू करताना, तो बदल नाहीसा होतो, आणि लोक आपोआप शिस्तीत येतात.

रात्रपाळी:
परंतु तो बदल नाहीसा होऊ नये, हीच तर माझी अट आहे.

माळरान:
ग्रिझली हे कमांड लाइनचे साधन घ्यावे. ‘पुल’ (उतरवणे), ‘डिफ’ (फरक पाहणे) आणि ‘अप्लाय’ (चढवणे) या तीन आज्ञांत आपली संपूर्ण अपेक्षा पूर्ण होते. आम्ही तेच वापरतो आणि कधीही अडलो नाही.

पश्चिम_घाट:
ग्रिझलीचा विकास थांबलेला आहे, तेव्हा नव्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या जागी ग्राफानासीटीएल आले आहे, पण ते आवृत्ती १२ पासून पुढे चालते. म्हणजे आपल्याला आज त्याचा उपयोग नाही. एकूणच, २०२१ मध्ये ग्राफानाने अपाची हा मोकळा परवाना सोडून एजीपीएल हा अधिक अटींचा परवाना स्वीकारला तेव्हापासून मी या साधनांवर फार भिस्त ठेवत नाही.

माळरान:
परवान्याचा येथे काय संबंध? मूळ कोड न बदलता कंपनीच्या आत वापरणाऱ्याला एजीपीएलने काहीही अडत नाही. आणि विकास थांबला म्हणून चालते साधन चालायचे थांबत नाही.

जुना_प्रशासक:
वर सांगितलेच आहे, प्रोव्हिजनिंगला यांपैकी कशाचीही गरज नाही.

पाइपलाइन_पाटील:
साधन कोणतेही घ्या, खाचखळगे तेच आहेत. एपीआयकडून (प्रोग्रॅमने ग्राफानाशी बोलण्याचा मार्ग) मिळणाऱ्या उत्तरात ‘मेटा’ आणि ‘डॅशबोर्ड’ असे दोन भाग असतात, आणि फोल्डरची ओळख ‘मेटा’मध्ये असते, केवळ ‘डॅशबोर्ड’ जपून ठेवला तर परत चढवताना तो आपला फोल्डर सोडून मुळाशी, सर्व फोल्डरांच्या बाहेर, येऊन पडतो. ‘आयडी’ हा त्या एका डेटाबेसपुरता क्रमांक असल्याने तो काढून टाकावा आणि ‘यूआयडी’ (सर्व्हर बदलला तरी तीच ठेवता येणारी ओळख) मात्र जपावा. ‘व्हर्जन’ (आवृत्तीचा आकडा) काढू नये: ‘ओव्हरराइट’ (आधीचे पुसून लिहिण्याची मुभा) बंद असेल आणि मधल्या काळात कोणी ब्राउझरमधून बदल केलेला असेल, तर याच आकड्यामुळे सर्व्हर ४१२ हा त्रुटीचा क्रमांक देऊन आपल्याला अडवतो. दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचे असल्यास डेटासोर्सचे (आकडे जिथून येतात त्या स्रोतांचे) यूआयडी दोन्हीकडे एकच ठेवावेत, अन्यथा पॅनेल रिकामी दिसतील. अलर्टचे नियम या जेसनमध्ये येत नाहीत. ते स्वतंत्रपणे उतरवावे लागतात. टोकन (प्रोग्रॅमला प्रवेश देणारी किल्ली) सर्व्हिस अकाउंटचे, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या वेगळ्या खात्याचे, घ्यावे, कोणाचे वैयक्तिक खाते वापरू नये. आमच्या जुन्या कंपनीत एक सहकारी नोकरी सोडून गेले, त्यांचे खाते बंद झाले आणि त्यासोबत सगळा बॅकअपही मुकाट्याने बंद पडला.

टेराफॉर्मनिष्ठ:
सर्व्हिस अकाउंटसुद्धा आम्ही टेराफॉर्मनेच तयार करतो.

रात्रपाळी:
सर्वांचे आभार, विशेषतः पाटील यांचे. वर सुचवलेल्यांपैकी कोणतेच साधन घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. कर्ल (वेबवरून माहिती आणणारे) आणि जेक्यू (जेसन हाताळणारे) ही साधी साधने वापरून एक लहानशी शेल स्क्रिप्ट लिहिली आहे, जी रोज रात्री सर्व डॅशबोर्ड उतरवते, फोल्डरची ओळख सोबत ठेवते, कीज (जेसनमधील नावे) क्रमाने लावते आणि काही बदलले असेल तरच कमिट करते, म्हणजे गिटमध्ये नोंदवते. हे टोकन फक्त वाचणारे आहे. ब्राउझरमध्ये केलेला बदल हाच मूळ समजायचा आणि गिट ही त्याची वही, असा उलटा क्रम आम्ही मुद्दाम ठेवला आहे. चढवण्याचे काम वेगळ्या टोकनने, हाताने, ‘ओव्हरराइट’ बंद ठेवूनच करू.

जुना_प्रशासक:
हा क्रम मला मुळीच मान्य नाही. वर्षभरात कोणत्या पॅनेलचा थ्रेशोल्ड कोणी आणि का बदलला, हे त्या वहीतून कळणार नाही, कारण प्रत्येक कमिट स्क्रिप्टच्याच नावावर पडेल.

पाइपलाइन_पाटील:
‘कोणी’चे उत्तर मिळू शकते. ‘मेटा’मध्ये शेवटचा बदल करणाऱ्याचे नाव असते, ते स्क्रिप्टने कमिटच्या संदेशात घालावे. दिवसात दोघांनी बदल केले असतील तर शेवटचेच नाव येईल. ‘का’चे उत्तर मात्र सहकाऱ्यांनी सेव्ह करताना टीप लिहिली तरच मिळेल.

रात्रपाळी:
नाव आजच घालतो. टीप त्या दोघांकडून लिहून घेणे अवघड दिसते.

ढगाळ_हवामान:
होस्ट केलेल्या सेवेचे दर एकदा पाहून तरी घ्यावेत, एवढीच विनंती.