लहान मुलांसोबत वर्षभराचे सण कसे साजरे करावेत?

प्रश्न: विश्रामबागची आई (सांगली)

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. सासूबाई होत्या तोवर कोणत्या सणाला काय करायचे याचा विचार मला कधी करावाच लागला नाही. बेंदराला मातीचे बैल आणण्यापासून भोगीच्या भाजीपर्यंत सगळे त्यांच्या हातून होत असे आणि मुलगी त्यांचा पदर धरून मागे मागे फिरत असे. त्या गेल्याला दोन वर्षे झाली. गेल्या दिवाळीत मी फराळ विकत आणला, तयार आकाशकंदील लावला, मुलांना नवे कपडे घातले, लक्ष्मीपूजन वेळेवर केले, आणि आरती झाल्यावर मुलीने विचारले, "आई, दिवाळी कधी सुरू होणार?" तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आता श्रावण सुरू आहे आणि पुढे सणांची रांग आहे. सगळे सण नीट करणे मला जमणार नाही, म्हणून कोणते धरावेत आणि कोणते सोडावेत, हे मला जाणत्या लोकांकडून समजून घ्यायचे आहे. लहान मुलाच्या जिवाला धोका होऊ नये यासाठी कोणती काळजी घ्यावी, हेही कृपया सांगावे. शिवाय मुलगी आता कारणे विचारू लागली आहे. नागपंचमीला नागाला दूध का दाखवायचे, असे तिने विचारले तेव्हा मला सरळ उत्तर देता आले नाही.

उत्तर: वाईची आजी

बाळ, तुझ्या मुलीने अगदी बरोबर विचारले. तिच्या आजीच्या हाताखाली दिवाळी आठ दिवस आधी सुरू होत होती, आणि तुझ्याकडे ती एका संध्याकाळी उरकली. यात तुझा दोष नाही, कारण नोकरी सांभाळून चकली-करंज्या करणे सोपे नाही आणि फराळ विकतचा असला म्हणून काही बिघडत नाही. सण निवडताना मात्र एवढेच पाहा की त्यात मुलांना रोज थोडे थोडे करण्यासारखे काही आहे का.

माझ्या मते या वयाला नवरात्रातल्या घटासारखे दुसरे काही नाही. शेतातली काळी माती परडीत पसरायची, त्यात गहू, ज्वारी अशी धान्ये पेरायची आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट झिरपतो आणि माती ओली राहते, हे मुलांना बोट लावून पाहू दे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर आले की मुलीला रोज सुताने उंची मोजायला सांग आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेला तेवढी रेघ मारू दे. देवघरात उजेड कमी असतो म्हणून ते धान पिवळे आणि उंच वाढते. तेच दाणे एका वाटीत खिडकीशी पेरलेस तर हिरवे आणि बुटके येतील, आणि असे का झाले हे ती तुला आपणहून विचारेल. दसऱ्याला ते धान आपल्याकडे पुरुष टोपीत खोवतात आणि बायका केसांत माळतात. आपण पाणी घातलेले धान बाबांच्या टोपीत पाहून मुलांना काय वाटते, ते मी माझ्या तीन नातवंडांच्या तोंडावर पाहिले आहे.

त्याच सुमारास, म्हणजे २६-२७ सप्टेंबरला सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हा, हादगा येतो. पाटावर हत्ती काढायचा, शेजारच्या चार मुली बोलवायच्या, फेर धरायचा आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखायला लावायची. रोज जमले नाही तर दोन दिवस कर. खिरापत मुरमुऱ्यांची असली तरी चालते, फक्त ती शेवटपर्यंत कोणाला कळता कामा नये.

गौरी तुझ्याकडे मुखवट्याच्या असतील, पण आमच्याकडे तेरड्याची गौर आणतात. आदल्या दिवशी मुलांना घेऊन तेरडा शोधायला जाणे हा माझ्या लहानपणचा निम्मा सण होता. वटपौर्णिमा, हरतालिका ही मोठ्यांची व्रते आहेत. त्यांत मुलांना ओढू नकोस.

उत्तर: मिरजेची बालवाडीताई

ताई, मी गेली अनेक वर्षे तीन ते सहा वयाच्या मुलांना शिकवते, म्हणून आधी सुरक्षिततेबद्दल लिहिते. संक्रांतीनंतर आपण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे बोरन्हाण करतो. मुलाच्या डोक्यावरून ओतलेला खाऊ वेचायला सगळी लहान मुले एकदम जमिनीवर झेपावतात आणि हाताला लागेल ते धावता धावताच तोंडात घालतात. अख्खे शेंगदाणे, हरभऱ्याचे टणक दाणे, कडक गोळ्या आणि बोराच्या आठळ्या या वयात श्वासनलिकेत अडकू शकतात. बोरन्हाणात चुरमुरे, बत्तासे आणि उसाचे मोठे करवे घ्यावेत; बोरे नावापुरती घालून नंतर आठवणीने उचलून घ्यावीत, आणि खाऊ बसूनच खायचा हा नियम आधी सांगावा. आपल्या भागात द्राक्षे घरोघरी असतात. तीही या वयाला उभी चिरूनच द्यावीत. दिवाळीत साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात फुलबाजी देऊ नये, आणि मोठ्या मुलीच्या हातातली विझली तरी तिची तार बराच वेळ तापलेली असते, म्हणून ती लगेच पाण्याच्या बादलीत टाकायला लावावी.

नागपंचमीबद्दल मुलांना सरळ खरे सांगावे. साप मांसाहारी आहे आणि दूध हे त्याचे अन्न नाही. आपण वाटी ठेवतो ती मान देण्यासाठी. आपल्याच जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात पूर्वी जिवंत नाग धरून त्यांची पूजा होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागाला संरक्षण आहे आणि न्यायालयाने त्या प्रथेला चाप लावला. मी वर्गात मुलांकडून मातीचे नाग करून घेते, उंदीर खाऊन शेत राखणारा हा प्राणी आहे असे सांगते आणि त्या दिवशी चिरायचे-तळायचे नाही म्हणून उकडलेले दिंड खायला देते. एवढे मुलांना पुरते. गोष्ट भीतीदायक असेल तर या वयात ती अर्धीच सांगावी, असे माझे ठाम मत आहे.

रंगपंचमीच्या आधी एक प्रयोग घरी जरूर करावा. सांगलीची हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावावी, कागद वाळल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर चित्र काढायला सांगावे. पिवळ्यावर तांबड्या रेघा उमटतात. त्यांवर लिंबू पिळले की त्या पुन्हा पिवळ्या होतात. हळदीचे कुंकू कसे बनते हे मुलीला त्यातून कळेल. कपड्यांना डाग पडतात, तेव्हा जुने कपडे घालावेत.

सण दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो, हेही तुमची मुलगी लवकरच विचारेल. माझ्या वर्गातली निम्मी मुले ईदची वाट पाहणारी असल्यामुळे मला ते दर वर्षी समजवावे लागते. चंद्राच्या बारा महिन्यांचे साधारण ३५४ दिवस होतात. आपल्या पंचांगात सुमारे ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून ती तूट भरतात. २०२३ सालचा अधिक श्रावण आणि २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ ही त्याची उदाहरणे. हिजरी वर्षात तो घालत नाहीत, म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि दिवाळी मात्र थंडीच्या तोंडाशीच राहते. मुलांना घेऊन गच्चीवरून चंद्र पाहिला की दोन्ही घरांचे सण त्यांना एकाच आभाळात दिसतात.

उत्तर: अजिंक्यताऱ्याखालचा बाबा (सातारा)

दिवाळीसाठी माझे एकच सांगणे आहे: किल्ला करा. फ्लॅटमध्ये अंगण नाही ही अडचण आम्हालाही होती. आम्ही गॅलरीत जुन्या पत्र्यावर प्लास्टिक अंथरून करतो. विटा आणि दगड रचायचे, त्यांवर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकायचे आणि वरून चाळलेली लाल माती थापायची. माती चाळणे हे साडेतीन वर्षांच्या मुलाचे काम. तो ते तासभर करील आणि त्याला हटवता येणार नाही. उतारावर हिरवळ यावी म्हणून अळीव पेरायचे. अळीव भिजवले की बुळबुळीत होतात आणि उभ्या भिंतीलाही चिकटून राहतात, मोहरी घरंगळते. नरकचतुर्दशीच्या चार-पाच दिवस आधी पेरून दिवसातून दोनदा पाण्याचे हबके मारले की पहिल्या आंघोळीच्या पहाटे किल्ला हिरवा झालेला असतो. पाणी ओतायचे नाही. आमचा पहिला बुरूज मुलाने तांब्याभर पाणी ओतल्यामुळे वाहून गेला आणि तो रडत बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तो पुन्हा बांधला, आणि तोच बुरूज त्याला सगळ्यांत जास्त आवडतो.

किल्ला करण्याआधी एक खरा किल्ला मुलांना दाखवावा. आम्ही अजिंक्यताऱ्यावर जातो. १७०८ साली याच साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, हे मुलाला एका वाक्यात सांगितले. बाकीचा वेळ दरवाजा कसा वळणात लपवला आहे आणि पाण्याची टाकी कुठे आहेत हे पाहण्यात गेला. घरी आल्यावर त्याने स्वतःच्या किल्ल्याचा दरवाजाही वळणात बसवला. मावळे मात्र कुंभाराकडून मातीचेच घ्यावेत.

उत्तर: तासगावकर काका

वरील सर्वांशी मी सहमत आहे, परंतु सगळे फ्लॅटच्या आत करण्याकडे कल दिसतो, म्हणून लिहितो. काही सण गावातच पाहावे लागतात. बेंदराला रंगवलेल्या शिंगांचा, झूल घातलेला बैल मुलाने जवळून पाहिला पाहिजे. आमच्या तासगावात ऋषिपंचमीला गणपतीचा रथ दोर धरून ओढतात आणि तो काशीविश्वेश्वराच्या मंदिरापर्यंत नेऊन परत आणतात. गर्दी फार असते, तेव्हा मुलाला खांद्यावर घेऊन लांबच उभे राहावे. कडेगावचे उंच ताबूतही मुलांना एकदा जरूर दाखवावेत. तिथे हिंदू-मुसलमान एकत्र येऊन मोहरम पाळतात.

विश्रामबागची आई

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रात्री मी ही सगळी उत्तरे मुलीला सोप्या शब्दांत सांगितली आणि निवड तिच्यावरच सोपवली. तिने घट, किल्ला आणि हळदीचा कागद असे तीन निवडले. हादग्याचे तिने शेजारच्या दोघींना विचारायचे ठरवले आहे. आजी, आमचे मूळ गाव तासगाव तालुक्यातच आहे आणि सासूबाई ज्या तुकड्यातली माती घटासाठी आणत, ते शेत अजून आमच्याकडे आहे. काका म्हणतात तसे ऋषिपंचमीला रथ पाहून येताना तिथूनच माती आणू. मुलीने त्यासाठी एक रिकामा डबा धुऊन आत्ताच दाराशी ठेवला आहे, आणि धाकट्याने त्यात स्वतःची चाळणी ठेवली आहे.